भूकंपालाही न हलणारी लिफ्ट

९ जानेवारी
गॅरेजमध्ये गाडीची लिफ्ट उभी राहिली. दोन निळे खांब, मधे माझी जुनी मॉरिस. बटण दाबलं की गाडी डोक्याच्या वर. लिनेट दारातूनच म्हणाली, "क्लाइव्ह, आपण लोअर हटमध्ये राहतो. इथली जमीन सारखी हलते, आणि तू गाडी हवेत टांगतोयस?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिला माझ्यातला इंजिनिअर अजून दिसलेला नाही. (मी पोस्टात होतो. पण दृष्टी इंजिनिअरचीच.)
निश्चय : रविवारच्या आत लिफ्ट भूकंपरोधक करणे.

११ जानेवारी, रविवार
काँक्रीटमध्ये बोल्टसाठी भोकं पाडली. जरा सैल झाली. ड्रिलचा दोष. शेजारचा सियोने डोकावून म्हणाला, "अरे, हे बोल्ट आहेत की भोवरे?" सामोअन बेटांवरचा विनोद. हसलो नाही.

१२ जानेवारी
स्वयंपाकघराच्या खणात गोंद सापडला. भोकांत भरला. बोल्ट आता फिरत नाहीत. (हात लावला नाही तर.)

१३ जानेवारी
गॅरेजमध्ये पाऊल टाकणार नाही, असं लिनेटने जाहीर केलंय. वॉशिंग मशीन गॅरेजमध्येच आहे. म्हणजे कपडे मी धुवायचे. तत्त्वाच्या लढाईत अशी किंमत मोजावी लागते. तिचा पांढरा ब्लाउज गुलाबी निघाला.

१८ जानेवारी
भूकंप-चाचणी. सियोनेला खांब जोरात ढकलायला लावला. खालून 'कुच्' असा आवाज आला. लिफ्ट पास. त्याला गाडीखाली उभा राहा म्हटलं, तर म्हणाला, "मला लहान मुलं आहेत." आजकाल लोकांचा विज्ञानावर विश्वास राहिलेला नाही.

३१ जानेवारी
भावाबरोबर ताउपोच्या तळ्यावर मासेमारी. मासे आले नाहीत. तळ्याचा दोष.

७ फेब्रुवारी
नवीन शोध! शिडी लावून वर गेलेल्या मॉरिसमध्ये जाऊन बसलं की घरातल्या हाका ऐकू येत नाहीत. रेडिओवर क्रिकेट मात्र झकास लागतं. लिनेटला सांगितलं, वजनाची चाचणी घेतोय. ती म्हणाली, "चाचणीला खिमा-पॅटिस आणि बिअर कशाला लागते?" वजन वाढवायला, असं उत्तर नंतर सुचलं.

१४ फेब्रुवारी, दुपार
भूकंप. मी वर होतो.
आधी वाटलं सियोने खांब ढकलतोय. मग रंगाचे डबे फळीवरून उडाले, शिडी पडली, मॉरिस पाळण्यासारखी झुलायला लागली. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. ब्रेकही दाबला. का दाबला, माहीत नाही.
धक्के चालू असतानाच लिनेट "क्लाइव्ह! क्लाइव्ह!" ओरडत गॅरेजमध्ये घुसली. डोक्यावर डबे पडतायत आणि ही थेट गाडीखाली. मी ओरडलो, बाहेर हो! ती म्हणाली, "आधी तू खाली ये, गाढवा!"
मग सगळं थांबलं. लिफ्ट जागची हलली नव्हती. खिडकीतून मान काढून म्हणालो, "पाहिलंस? माझे बोल्ट!"
ती खाली बसून रडत होती. मला वाटलं, कौतुकाने.

तोच दिवस, संध्याकाळ
वीज गेलेली. लॉकवर बसलेली लिफ्ट खाली आणायला आधी थोडी वर न्यावी लागते, आणि वर न्यायला वीज लागते. शिडीची पायरी मोडलेली. सियोने आपली शिडी घेऊन आला आणि त्याने मला पाठुंगळीला घेऊन उतरवलं. गल्ली बघत होती. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी हात हलवला.

१५ फेब्रुवारी
सकाळी चहा घेताना बोल्टांवर छोटंसं भाषण केलं. लिनेटने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझा एक बोल्ट मी दोन बोटांनी उपटला होता. गाजरासारखा."
तू ताउपोला गेलास तेव्हा, म्हणाली. ड्रिल भाड्याने आणलं, भोकं मोठी केली, जाड बोल्ट खास केमिकल घालून बसवले. सियोनेने फक्त टॉर्च धरला. लिफ्टबरोबर आलेल्या पुस्तकात सगळं दिलं होतं म्हणे. चित्रांसकट.
मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस?
"तू इतका खूश होतास," म्हणाली. "आणि कपडेही धुवत होतास."
मी उठून कपबशा विसळल्या.

१६ फेब्रुवारी
दुपारी वीज आली. मॉरिस खाली आणायची म्हणून दोघं गॅरेजमध्ये गेलो. मी बटणाकडे हात नेला. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो.
बटण तिने दाबलं.