शेगडीची जागा

धाकटे, तुला अनेक आशीर्वाद. गुडघे काय म्हणतात?

लेकाने मागच्या अंगणात फरशी घातली, बाहेर कोळशावर भाजायला. सगळं मला विचारून हो. मी पदर सोडून वारा कुठे वाहतो ते दाखवलं नि धूर घरात नको म्हणून शेगडीची जागा कुंपणाशी ठरवली. मी बाई हवेतच.

काल पाहुणे आले. बघते तर शेगडी माझ्या खिडकीखाली.

"आई, कुंपणाशी खुर्च्या मांडल्यात. पाहुण्यांना धूर नको. तू खिडकी लावून घे ना."

लावली. मग मला विचारलं कशाला?

कणसं मात्र झकास भाजली होती, नातीने आणून दिलं एक.

मी इथे लेकाकडेच कायमची राहणार असं मागच्या पत्रात लिहिलं होतं ना, ते अजून कुणाला सांगितलं नसशील तर सांगू नकोस.

तुझीच,
ताई