आखाडाचं ढेकूळ

२९ एप्रिल

नेपाळचं माहितीपत्रक संपलं एकदाचं! ट्रॅव्हल्सचे मालक चुडामणभाऊ यांना नुसती देवळं हवी होती. पण माणसं एवढ्या लांब जाणार — तिथली जमीन कशी, हवा कशी, हे नको सांगायला? लिहिलं: दक्षिणेला तराई, आपल्यासारखीच सपाट नि तापट. मधे डोंगर, तिथे काठमांडू, पोखरा. वर हिमालय, मुक्तिनाथला भर उन्हाळ्यात स्वेटर लागतो. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, दरडी कोसळतात. जायचं तर दसरा-दिवाळीला, नाहीतर होळीच्या सुमारास.

नानांना, म्हणजे सासऱ्यांना, यंदा मुक्तिनाथला जायचंय म्हणे. लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. ऐन वेळी 'पुढच्या वर्षी' होतं.

१ मे

काल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. नानांनी रीतीप्रमाणे अंगणात चार ढेकळं मांडून वर पाण्याची घागर ठेवली. एकेक ढेकूळ पावसाळ्याच्या एकेका महिन्याचं. जे भिजेल तो महिना पावसाचा. सगळ्यांसमोर सांगून टाकलं — जो महिना कोरडा त्यात वावरात काम नाही, तेव्हा मुक्तिनाथ. चारही भिजली तर घर सोडायचं नाही.

सकाळी उठले तर सासूबाईंचा सडा घालून झालेला. आषाढाचं, आमच्याकडे आखाडाचं म्हणतात ते, ढेकूळ कोरडंठाक!

६ मे

भांडले. आषाढ म्हणजे जुलै, तिकडे भर पावसाळा! नानांना चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. पत्रक वाचून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, ढेकूळ खोटं बोलस नही." म्हटलं, नाना, ते आपल्या वावराचं सांगतं, नेपाळचं कुठून सांगणार? तर भूषण, माझा नवरा, म्हणतो, आभाळ एकच. धन्य!

सासूबाईंनी पावसाची ओळ पुन्हा वाचायला लावली. ऐकली आणि भाकरी थापायला गेल्या. त्यांनी अडवलं असतं तर नाना थांबले असते. याचाच जास्त राग आला.

२ जुलै

नाना-सासूबाईंना भुसावळला गोरखपूरच्या गाडीत बसवून आलो. सासूबाईंनी कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, भाकरी बांधून घेतल्या. खिडकीतून नवरीसारख्या बघत होत्या.

७ जुलै

पोखऱ्याहून फोन. उद्या वर जाणार. नानांचा आवाज दमलेला, पण म्हणाले, "बरं शे."

इथेही सकाळपासून पाऊस. थांबायचं नाव नाही.

९ जुलै

फोन लागत नाही.

१० जुलै

मुक्तिनाथच्या रस्त्यावर दरड कोसळली. चुडामणभाऊंचा तिथला माणूस म्हणतो, बस अलीकडे की पलीकडे, कळत नाही. तिसरी शक्यता कुणी बोलत नाही. मीही लिहीत नाही.

नानांचा संताप संताप येतो! मातीच्या ढेकळावर विश्वास, सुनेवर नाही. आणि इथे कपाशी गुडघाभर पाण्यात उभी. भूषण बांधावरून आला, पाय न धुताच ओट्यावर बसला. म्हणाला, नानांचं ढेकूळ आजवर असं कधी चुकलं नव्हतं. मग दोघंही रडलो.

११ जुलै

काही नाही. स्वयंपाक केला, कुणी जेवलं नाही.

१२ जुलै

फोन आला!! जिवंत आहेत! दर्शन करून उतरताना बस दरडीच्या पलीकडे, वरच्या बाजूलाच अडकली. एका शाळेत मुक्काम. नानांना ऑक्सिजन लावावा लागला, आता उठून बसतात. देवा!

१३ जुलै

सासूबाईंचा फोन, हळू आवाजात. "तुना सासराले सांगू नको. बठ्ठा, चारी ढेकळं ओला व्हतात. मी पहाटले एक बदली टाकं. हातले आखाडनं लागनं."

म्हटलं, आणि पाऊस? मी दोनदा वाचून दाखवला होता!

"आयकं ना, बाई. पन तुना सासरा परत 'पुढला साल' म्हनता."