आर्लिसने वाढायचा खिमा

मी, व्हर्ना टियाडेन, वय वर्षे एकाहत्तर, कै. ड्वेन टियाडेन यांची पत्नी, राहणार एल्म क्रीक, आयोवा, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी रागात लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असते तर मी ते चालू दिले नसते. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी फार मवाळपणे लिहिले होते.

कलम १. बँकेतली शिल्लक माझी मुलगी जोलीन हिला द्यावी. बिडाचा खोल तवाही तिलाच, पण त्यात डब्यातला तयार सॉस कधीही ओतायचा नाही, या अटीवर. "आई, डबा उघडला की पाच मिनिटांत होतं गं, कांदा परतत कोण बसणार?" असे ती मला माझ्याच घरात म्हणाली आहे. मी बसले, म्हणून ती एवढी वाढली.

कलम २. माझी नणंद आर्लिस हिचा मुलगा रॉडनी याला ड्वेन मांसाच्या कारखान्यात कामाला वापरायचा त्या सुऱ्या ठेवायच्या होत्या. वकील म्हणतात, साक्षीदाराला काही ठेवले तर अडचण येते. म्हणून त्या मी आजच त्याच्या हाती दिल्या. शेजारचा मर्लिन क्रूस हाही साक्षीदार आहे, तेव्हा त्याने नेलेली माझी शिडी त्याला बक्षीस देता येत नाही. ती परत आणावी.

कलम ३. माझ्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जे जेवण होईल, त्यात थंड हॅम दिसता कामा नये. माझा खिमा-बन करायचा. कृती इथेच लिहिते, म्हणजे माहीत नव्हते असे म्हणायला जागा राहणार नाही. खाटकाकडचा सर्वांत स्वस्त, चरबीवाला बीफचा खिमा घ्यावा. तो तांबूस परतावा. सुटलेली चरबी थोडी काढावी, सगळी नाही. चव तिच्यातच असते. त्यातच बारीक चिरलेला कांदा आणि सेलरी शिजवावी. मग गरम पाण्यात भिजवलेले ओट्स घालावेत. ओट्स ओळखू येता कामा नयेत, खिमा मात्र दुप्पट दिसला पाहिजे. केचप घालून बाटली रिकामी झाली की तिच्यात व्हिनेगर घालून खळखळून हलवावे आणि तेही आत ओतावे. मस्टर्ड, ब्राऊन साखर, मीठ. मंद आचेवर रस दाट होईपर्यंत ठेवावे. बन भाजून घ्यावेत, नाहीतर हातात नुसता लगदा येतो.

कलम ४. या हट्टाचे कारण. हा पदार्थ मी संपाच्या हिवाळ्यात करायला लागले. गावाला मांस पुरवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्याच घरी तेव्हा मांस नव्हते. ड्वेन आणि आर्लिसचा नवरा लॉइड, दोघेही कारखान्याच्या फाटकाबाहेर धरणे धरून शेकोटीपाशी उभे असत. आर्लिसची दोन्ही मुले संध्याकाळी माझ्याकडे जेवत. रॉडनीला परवा विचारले, ते ओट्स आठवतात का रे? तो म्हणाला, "मामी, मी तर बरीच वर्षं समजायचो की खिमा म्हणजे तोच!" मुलांना न्यायला आर्लिस मागल्या दारात येई.

"बस ना, दोन घास खा," मी म्हणे.

"नको गं, माझं झालंय."

पुढे लॉइड मुकादम झाला, आर्लिस चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख झाली आणि तो हिवाळा तिच्या डोक्यातून गेला. ड्वेनला मूठमाती दिली त्या दिवसाचे सांगते. आमच्याकडे ज्या घरचे माणूस जाते, त्या घरच्या बाईने अंत्यविधीच्या दिवशी चमच्याला हात लावायचा नसतो. मंडळातल्या बायकाच सगळे करतात. मी आर्लिसला एवढेच सांगितले होते की त्याच्या आवडीचा खिमा करा. कबरीवरून परत आले तर टेबलावर थंड हॅम. मी विचारले, तर ती हॅम कापता कापता सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं, ओट्स म्हणजे घोड्याचा खाऊ, तो घातलेलं ते संपातलं जेवण लोकांना काय वाढायचं? निदान आज तरी माझ्या भावाच्या नावानं खरं मांस वाढू दे." बायका हसल्या. नवऱ्याच्या मयताच्या दिवशी मी ते हसणे ऐकून घेतले. ते मी विसरलेले नाही आणि माफही केलेले नाही.

कलम ५. हे घर विकावे आणि आलेली रक्कम चर्चच्या तळघरात नवी शेगडी घेण्यासाठी द्यावी. या शेगडीसाठी आर्लिस कित्येक वर्षे केक विकते आहे, हे मला ठाऊक आहे; म्हणूनच देते. अट अशी की माझ्या अंत्यविधीच्या जेवणाचा खिमा आर्लिसनेच करावा, ॲप्रन बांधून स्वतःच्या हाताने वाढावा आणि ताटागणिक मोठ्याने म्हणावे, "हा व्हर्नाचा खिमा. यात ओट्स आहेत. माझी मुलं यावर वाढली." पुटपुटलेले चालणार नाही. पाद्रीसाहेबांनाही यातून सूट नाही.

तिने नकार दिल्यास सगळी रक्कम रस्त्यापलीकडच्या कॅथलिक चर्चच्या मंडळींना द्यावी, त्यांच्या शुक्रवारच्या तळलेल्या मासळीच्या जेवणासाठी मोठी कढई घ्यायला. ते घेतील. मी विचारून ठेवले आहे.

कलम ६. वकील हॅरल्ड बेंटसेन यांना सूचना. आर्लिसने नकार दिला, तरच हे कलम तळघरात सर्वांसमोर वाचावे. तिने वाढायला घेतले, तर शेवटच्या ताटाआधी हे तिच्या एकटीच्या हाती द्यावे.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी कोळसा आणायला आमच्या घराच्या तळघरात गेले आहे असे समजून आर्लिस आत आली. मी जिन्यातच होते. तिने पावाच्या तुकड्याने माझा तवा पुसून खाल्ला, उभ्यानेच, कोट न काढता. दुसऱ्या दिवसापासून मी तव्यात मुद्दाम थोडा खिमा मागे ठेवू लागले. ती दारातून "माझं झालंय" म्हणे, मी कोळसा आणायला जाई, आणि परत येईपर्यंत तवा रिकामा असे.

हे मी ड्वेनलाही सांगितले नाही. त्याच्या मयताच्या दिवशी मात्र ते माझ्या जिभेवर आले होते.

तेव्हा आर्लिस, सगळ्यांचे वाढून झाले की एक बन तुझ्यासाठी भर. चांगला भरून घे. या वेळी खुर्ची ओढ आणि सगळ्यांच्या देखत बसून खा.

सही: व्हर्ना टियाडेन

साक्षीदार: रॉडनी हार्म्स, मर्लिन क्रूस. दोघांनी माझी सही होताना पाहिली, मजकूर वाचलेला नाही. सही करण्याआधी दोघेही माझ्याकडे जेवले. कागदावरचा डाग त्याचाच आहे.

स्थळ: एल्म क्रीक, आयोवा
दिनांक: ११ ऑक्टोबर १९८८