डावीकडून जाताना

आबा, तुमच्या घोडीचं काय करू, ते मला कळेना झालंय. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, अन् विचारायला अजून तुम्हीच आठवता. आई होती तोवर ती आपल्या दारातच होती. आई गेली, माझी नोकरी हिंगोलीच्या दवाखान्यात. दोन खोल्यांत घोडी कुठं बांधणार? म्हणून कळमनुरीत वरातीची घोडी ठेवणाऱ्या एका माणसाच्या तबेल्यात ठेवली. गेल्या रविवारी बघायला गेले तर तिच्या पुठ्ठ्यावर काठीचे वळ. तबेलेवाला वर मलाच म्हणतो, "ताई, लई खोडील जनावर हाय. दाणा टाकाया गेलं का लाथा मारून राहिली. काहून सांभाळता असलं?" माझं डोकंच फिरलं. पण भांडणार कशाच्या जोरावर? घोडी सोपवताना त्यानं विचारलं होतं, काही खोड आहे का, अन् मी बेधडक न्हाई म्हणाले होते.

मी दहा वर्षांची आहे. गुळाचा खडा घेऊन चुपचाप तिच्या डावीकडून जाते. लाथ मांडीवर बसते, अन् वर तुमची थप्पड. "आवाज दिल्याबिगर जाऊ नको म्हणलं होतं ना!" ओरडता ओरडता तुम्हीच रडायला लागता. मग सांगता, तिला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई, घेतली तेव्हापासूनच. "कोणाला सांगू नको लेकरा. असल्या घोडीवर नवरदेव कोण बसवंल?" मी तुमच्या गळ्याची शपथ घेते. पुढच्या बाजाराला तुम्ही मला घुंगरांचे पैंजण आणले. काय मिरवले होते मी ते गावभर! ते माझ्या लाडापायी नव्हते, तिला माझी चाहूल लागावी म्हणून होते, हे कितीतरी वर्षांनी ध्यानात आलं, अन् तेव्हा तुमचा फार राग आला. वरातीत तुम्ही कायम तिच्या डाव्या अंगाला, मानेवर हात ठेवून, तिच्याशी बोलत चालायचे. लोक हसायचे, घोडीवाला येडा आहे म्हणायचे.

परवा सिद्धेश्वरला जाऊन आले. धरणाखाली मेंढ्या राखणारी एक मावशी आहे, कोणीतरी तिचं नाव सुचवलं. ती म्हणाली, "आण की माय. वस्तीवर बाभळीखाली बांधू, मोकळी राहील. ह्याच घोडीवर माझ्या पोराची वरात निघाली व्हती. लई गरीब जनावर." मला हायसं वाटलं. पण वस्तीच्या मागूनच कालवा जातो, भरून वाहणारा, कठडा न्हाई. अन् घोडीच्या उजव्या डोळ्यातही आता पडदा आलाय. तबेल्यात निदान तिला हौद, दावण, दार पाठ आहे. मार खाते, पण कुठं धडपडत न्हाई. इथं तिला कोणी मारणार न्हाई, पण एक पाऊल चुकलं तर संपलं. निघताना मावशीनं सहज विचारलं, "काही खोड हाय का व्हय तिला?"

आबा, मी परत न्हाई म्हणाले.

उद्या सकाळी गाडी सांगितली आहे. दोन दिवस स्वतःला समजावतेय की तुम्हाला शब्द दिलाय, तुमच्या माघारी तुमचं नाव खराब कशाला करायचं. उगीच तुम्हाला मध्ये ओढते. मावशीला दोनदा फोन लावून कापला. कालव्याचं पाणी डोळ्यापुढून हलत न्हाई. आता परत लावते, अन् दोन्ही डोळ्यांचं सांगून टाकते. तुमची शपथ मोडली तर मोडली. तिनं खरं ऐकून नको म्हटलं, तर घोडी मलाच सांभाळावी लागेल, भीती ह्याचीच होती. मला ती नको आहे, आबा. वळ बघून एवढी रडले, तरी नको आहे.