हिरवी बोटं

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी बातमी! पाणीव्यवस्थापनाच्या प्रशिक्षणातली माझी पहिली चाचणी फत्ते झाली. इथल्या कारखान्याचं सांडपाणी एका खड्ड्यात जिरतं. ते जमिनीखालून कुठे जातं हे कळावं म्हणून खड्ड्यात एक पूड ओततात. पाण्यात पडली की ती गर्द हिरवी होते. मग खालच्या विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून तपासायचं.

सकाळी पूड मी ओतली. बाटल्या भरायच्या होत्या माझ्या वर्गातल्या चष्मिसने, पण विहिरीवर तीही होती. जिच्यापायी मी कॉलेज अर्ध्यावर सोडून या प्रशिक्षणाला आलो ती. (हे कारण बाबांना अजूनही सांगू नकोस.) दोघांना तिथे एकटं सोडायला मी काय दुधखुळा आहे? सायकल दामटत गेलो, चष्मिसला बाजूला सारलं आणि बाटल्या स्वतः भरल्या. सगळ्यांत हिरवा अंश निघाला! म्हणजे लोक पितात त्याच विहिरीत ते पाणी उतरतंय. महिनाअखेर पाणीखात्याच्या साहेबांसमोर हे मी मांडणार.

लोभ वाढव, कमी करायला बाबा आहेतच.
तुझा भाऊ

११ फेब्रुवारी

चि. भडकूस,
अ. उ. आ.

तुझं यश ऐकून बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला. आपल्या घरात याला कौतुक म्हणतात. पण हेही अर्ध्यावर सोडलंस तर काकांच्या दुकानात पुड्या बांधायला बसवणार, असंही म्हणाले. तेव्हा सांभाळ.

तुझ्या पत्राच्या कडांना हिरवे ठसे कसले रे? शिकतोयस की कुंपणं रंगवतोयस? माझ्या ओढणीला लागलेला डाग धुऊनही जाईना.

आणि त्या पोरीवर पाळत ठेवू नकोस. कंपास हरवला म्हणून तू अख्ख्या वर्गाशी भांडला होतास आणि तो निघाला माझ्या दप्तरात. आठवतंय ना?

रागावलास तरी पत्र टाक.
ताई

१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कंपासाचं सोड, इथे खरंच काहीतरी शिजतंय. काल डॉक्टरकडे जाते सांगून तिने दांडी मारली. चष्मिसही गायब. आज दुपारी खानावळीत तिने ताट घ्यायला हात पुढे केला तर बोटं हिरवी! चष्मिसची बघितली, तीही हिरवी! माझ्या खड्ड्याशी दोघांचं काय काम? एकतर गुलुगुलु, नाहीतर माझी चाचणी खोटी पाडून चष्मिसला साहेबांसमोर उभा करायचा डाव. तिला विचारलं तर म्हणाली, दोन दिवस धीर धर, चिडू नकोस. चिडू नकोस म्हटलं की माझं डोकंच फिरतं.

परवा भर वर्गात सरांसमोर दोघांना हात वर करायला लावणार आहे. तुझं पत्र येईपर्यंत उशीर झालेला असेल, म्हणून आधीच माफ कर.

तुझा भाऊ

२० फेब्रुवारी

चि. भडकूस,
आशीर्वाद.

अरे, थांब! ओढणीवरचा डाग अजून तसाच आहे. तो रंग इतका चिवट, तर पूड ओतलेल्या हातांनीच तू बाटल्या भरल्यास ना? मग बाटल्यांत निघालेलं हिरवं आलं कुठून? आधी स्वतःचे हात बघ.

ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं तेव्हा मी माती खाऊन मोकळा झालो होतो. हात वर झाले, सरांनी कारण विचारलं. चष्मिसने तोंड उघडलं तर तिने त्याला दटावलं. मीच ओरडलो, सांग की खरं. मग तिने सांगितलं.

पूड हाताळणाऱ्याने बाटलीला हात लावायचा नाही, हा पहिल्याच दिवसाचा धडा. मी तेव्हा तिच्याकडे बघत बसलो होतो. साहेबांसमोर माझी फजिती होऊ नये म्हणून दोघांनी गुपचूप चाचणी पुन्हा केली. पूड त्यांनी ओतली, बाटल्या वसतिगृहाच्या मावशींनी भरल्या. विहीर स्वच्छ निघाली. हिरवं होतं ते माझ्या बोटांचं.

सरांनी मला काढलं नाही, पण साहेबांसमोर आता मी जाणार नाही. पाणी मग जातं कुठे, हे शोधायला उद्या तिसरी चाचणी आहे. मी वर खड्ड्याशी, ती खाली झऱ्यावर, चष्मिसही तिथेच. (मी काही म्हणत नाहीये.) मी खाली पाऊलही टाकायचं नाही. झऱ्याला हिरवं आलं तर ती स्वतः वर चालत येऊन सांगणार, नाही आलं तर चष्मिसला पाठवणार. एवढंच बोलली, तेही सरांकडे बघून.

दोनदा साबण लावून हे लिहितोय, तरी भरवसा वाटत नाही. कागदाच्या कडा नीट बघ आणि डाग दिसला तर मला कळव. लोभ या खेपेला जरा जास्तच लागेल.

तुझा भाऊ