चार दिवसांत होऊन जाईल

प्रिय परीक्षित,

काल रात्री पण मी झोपले नाही. आपली छोटी आन्या झोपली की मी तिच्या नाकापुढं बोट धरून बसत होते, श्वास लागतोय का बघायला. आणि कान सगळा बाहेर, तुमचे पाय वाजतील म्हणून. इथल्या मातीची वरची खपली इतकी कडक की लांबून माणूस आला तरी करकर ऐकू येईल. काही आलं नाही. एकदा आवाज आला, तर गाडीचा पत्रा थंडीनं वाजत होता. तरी मी दार उघडून ओरडले. तुमच्या नावानं ओरडले. लग्न करून अमेरिकेत सांता क्लाराला आणलंत तेव्हा तुम्ही बजावलं होतं, अहो-बिहो बंद कर, मित्र हसतात. मला कधी जमलं नाही. काल जमलं तर ऐकायला तुम्ही नव्हता. म्हणून वर पण नावच लिहिलंय. पण 'तुम्ही'चं 'तू' काय माझ्याच्यानं होत नाही.

आन्याच्या चित्रांच्या वहीत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं आहे. मी काय शिकलेली नाही, जसं येतं तसं लिहिते. एक गोष्ट आधी लिहिते. मला किळस आलीय. या गाडीची आलीय. मागं डायपरची पिशवी उन्हानं फुगलीय, तिचा वास कपड्यांत, केसांत, आन्याच्या दुधाच्या बाटलीत पण. तुमच्या दोस्ताचं, देवांग भाऊजींचं, ते गोड पिवळं पेय सीटवर सांडलंय, त्याला माशा. एवढ्या ओसाड जागी माशा कुठून आल्या देव जाणे. पाण्याच्या बाटल्यांपेक्षा बिअरचे डबे जास्त भरलेत हे मला इथं कळलं. काल दुपारी डबा उघडून बघितला, तोंडाला लावला आणि ओकारी आली. पण खरी किळस या सगळ्याची नाही. तुमच्या त्या दोन शब्दांची आलीय. होऊन जाईल.

ऑफिसच्या फोनवर पण तुम्ही तेच बोलता. समोरचा विचारतो, किती दिवस लागतील, आणि तुम्ही खरे लागतील त्याच्या निम्मे सांगता. मग रात्ररात्र जागून डोळे लाल करून घेता. मला वाटायचं, कामाची रीतच असेल तशी. पण या ट्रिपचं पण तसंच केलंत. देवांग भाऊजींच्या घरी पावभाजी खाताना तुम्हीच मोबाईलवर वाचून दाखवलं होतं. नेवाडाच्या वाळवंटातल्या कच्च्या रस्त्यांना निदान आठवडा हाताशी ठेवा, वर एक-दोन दिवस मोकळे ठेवा, कुठं चाललात आणि कधी परतणार ते मागं कोणाला तरी सांगून जा, नाही आलात तर तो शोधायला लावेल. वाचलंत आणि दोघं हसलात. भाऊजी म्हणाले, अरे यार, हे रिटायर्ड गोऱ्यांसाठी लिहिलेलं असतं, ते दर तासाला खुर्ची टाकून चहा पितात. आपण चार दिवसांत सगळं कव्हर करू. मी म्हटलं, लेकरू आहे बरोबर, एवढी घाई कशाला, अर्धंच बघू की. तर भाऊजी म्हणाले, वहिनी, मॅप साडेपाच तास दाखवतोय, तुम्ही फक्त थेपले करा. तुम्ही माझ्याकडं बघून नुसतं हसलात. गावची आहे, घाबरते, असं ते हसणं. तुमच्या आईनं गावचीच मुलगी पाहिजे म्हणून मंचरला येऊन मला बघितली, आणि तुम्ही मात्र चारचौघांत मला अशी लपवता, डाग पडलेली चादर उलटी घालतात तशी.

आता ज्याची सगळ्यात घाण वाटते ते लिहिते. रजा डिसेंबरात गावी जायला राखून ठेवायच्या, म्हणून शुक्रवारी आणि सोमवारी तुम्ही घरून काम करताय असं दाखवायचं ठरलं. ती गोल थाळी आणलीत, तिच्यावर कॉम्प्युटरचा माऊस ठेवला की आपोआप हलत राहतो आणि ऑफिसला वाटतं माणूस बसलाय. भाऊजींनी पण तेच केलं. निघताना थाळी चालू केलीत आणि आन्याला दाखवलीत, बघ पापाचा उंदीर काम करतोय. ती टाळ्या वाजवत होती. घरच्यांना कळवायचं नाही हे तर आपलं नेहमीचंच. इथं ताप आला तरी तिकडं सांगायचं नाही, उगाच काळजी करतील. पण माझ्या कृष्णादादाला तुम्ही स्वतः फोन लावलात, स्पीकरवर, माझ्यासमोर. दादा, आमच्याकडं नेटचं काम चाललंय, आठ-दहा दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नका. दादा गिरणीत होता, मागं चक्की चालू. तो ओरडून म्हणाला, बरं बरं दाजी, तब्येतीला जपा. मी गप्प बसले. मला वाटलं, एवढंसं खोटं, त्याचा जीव तरी थाऱ्यावर राहील. काल दिवसभर मी एकच विचार करत होते. गावी वाटतंय नेट बंद आहे. ऑफिसला वाटतंय तुम्ही खुर्चीत बसलात. अख्ख्या जगात एक माणूस नाही ज्याला आपली आठवण झालीय. आणि घरी तो उंदीर अजून हलतोय. बंद दाराच्या आत, रिकाम्या खुर्चीपुढं. डोळे मिटले की तेच दिसतं आणि शिसारी येते.

शनिवारी टायर फुटला तेव्हाच मागं वळायला पाहिजे होतं. दगड कसले, विळ्यासारखे होते. टायर बदलण्यात दुपार गेली, आणि जादाचा टायर एकच. मी म्हटलं, आता परत फिरू. तुम्ही म्हणालात, परत गेलो तर अख्खा दिवस वाया, पुढं जाऊन भरून काढू. गेलेला वेळ कोणी भरून काढलाय का हो? रविवारी ते पांढरं मैदान आलं. रस्ता कडेनं वळसा घालून जात होता, लांबचा होता, पण होता. तुम्ही दोघांनी मोबाईलमध्ये डोकी घातली आणि ठरवलं, मधून कापू, सपाट तर आहे. खरंच फरशीसारखं सपाट होतं. वरची खपली वाळलेली आणि खाली सगळा चिकटा, कच्च्या भाकरीसारखा. गाडी थोडी पळाली, मग हळू झाली, मग बसली. जेवढा जोर लावलात तेवढी खाली गेली. कोणाच्या मोबाईलला रेंज पण नव्हती. आता दार उघडलं की चिखल आत येतो. आणि त्या वेळी भाऊजींनी पहिलं काय बाहेर काढलं तर ड्रोन. लेकराला सावली करायचं सोडून दोघं आकाशात बघत उभे. वाऱ्यानं तो नेला, तर तो आणायला धावले. मी ओढणी काचेत अडकवून आन्याला सावली केली आणि पहिल्यांदा मला वाटलं, या माणसांच्या हातात मी माझं पोर दिलंय.

काल पहाटे तुम्ही दोघं निघालात. समोर डोंगराच्या पलीकडं डांबरी रस्ता आहे, म्हणालात. चार तास जायला, तिथं गाडी मिळाली की लगेच, संध्याकाळच्या आत परत. मी म्हटलं, कोणीच जाऊ नका, एकत्र राहू, नाहीतर ज्या वाटेनं आलो त्या वाटेनं मागं जाऊ. मैदान लागायच्या आधी पवनचक्की दिसली होती, खाली पत्र्याचा हौद, भोवती गाई होत्या. तुम्ही म्हणालात, गाई कसल्या, काही नव्हतं तिथं. तुम्ही तेव्हा मोबाईल बघत होता. खिडकीतून मी बघत होते आणि आन्या. मग तुम्ही वाकून आन्याचा पापा घेतलात आणि तेच म्हणालात. होऊन जाईल, नैना. मी तोंड फिरवलं. तुम्ही गेलात ते मी बघितलंच नाही, नुसती करकर ऐकली, ती पण थोड्या वेळानं थांबली.

तुमची पाण्याची एक बाटली मला काल संध्याकाळी सापडली. तुम्ही दोन नेतो म्हणाला होता. दुसरी आन्याच्या सीटखाली तिच्या दुपट्यात गुंडाळून ठेवलेली होती, पूर्ण भरलेली. मी बघितलं असतं तर ती मागं ठेवू दिली नसती, म्हणून लपवलीत ना? मला त्याचा पण राग आला. डोंगर चढायला निघालेला माणूस एका बाटलीवर जातो का? पाण्याचा पण हिशोब तसाच केलात, निम्मा. मनात आलं, तुम्ही आलात की ती तुमच्या अंगावर फेकून मारायची. मग रात्र झाली. नेम धरून बसले तरी तुम्ही येईनात.

आता उजाडलंय. आन्याला मी पाजतेय पण दूध उतरत नाही, ती ओढते आणि चिडून चावते. काल दुपारपासून ती लांबवर उन्हात काही हललं की बोट दाखवून पापा म्हणते. मी प्रत्येक वेळी बघितलं. प्रत्येक वेळी. आता तिनं म्हटलं की मी बघत नाही. पाणी आहे ते आज संध्याकाळपर्यंत पुरेल. मी इथं बसून राहिले तर उद्या बसायला पण ताकद नसेल. म्हणून मी आन्याला घेऊन मागं निघालेय, त्या हौदाकडं. हौद कोरडा असेल, मला खात्री नाही. पण गाई होत्या, आणि गाई आहेत तिथं कधी ना कधी कोणीतरी येणारच. मला भीती वाटतेय. आपल्याच गाडीच्या चाकोरीवरून जाणार आहे, म्हणजे चुकणार नाही. माझी जांभळी साडी फाडून आन्याला पाठीशी झोळीत बांधलंय. साडीचा उरलेला अर्धा भाग गाडीच्या टपाला बांधलाय, वरून कोणाला दिसलाच तर. तुमची बाटली मी अर्धी घेतली आणि अर्धी ठेवलीय. पुढच्या सीटवर, त्याच दुपट्यात. अंगावर फेकायची होती ती हीच. परत आलात तर आधी ती प्या, मग हे वाचा, आणि इथून हलू नका. आणि डोंगराकडं बघून मी काल काय काय बोलले ते तुम्हाला कधीच सांगणार नाही. कुठं जातोय ते कोणालाच न सांगता आपण घरातून निघालो. मी तसं करणार नाही. मी सांगून चाललेय. जाते म्हणत नाही. येते.

तुमचीच,
नैना

ता. क. हा कागद यांच्या हातात न पडता दुसऱ्या कोणाच्या हातात पडला, तर तुम्ही कोणीही असा, माझं एवढं ऐका. मराठी येत नसेल तर येणाऱ्याला दाखवा. मला इंग्रजीत लिहिता आलं ते आन्याच्या खडूनं काचेवर मोठ्ठं लिहिलंय, कॉल ब्रदर, आणि खाली नंबर. दोन माणसं डोंगराकडं गेलीत, सोमवारी पहाटे, त्यांच्याकडं पाणी कमी आहे, आधी त्यांना शोधा. मी लेकरू घेऊन पवनचक्कीकडं आहे. आणि माझ्या भावाला फोन करा. कृष्णा नाव आहे. लहानपणी जत्रेतून यायला मला उशीर झाला तर त्यानं कंदील घेऊन अख्खी आळी उठवली होती, तो ऑफिसातल्यांना उठवेल, पोलिसांना उठवेल, गप्प बसणार नाही. त्याला फक्त कळायला पाहिजे. गिरणीचा आवाज असतो, मोठ्यानं बोला. आधी एवढंच सांगा, दादा, नेट बंद नव्हतं.