बाबांचं बी आणि सिंहाच्या पायांच्या कुंड्या

४ मार्च
ताईने बाबांच्या टोमॅटोचं बी पाठवलं. आठ दाणे. बाबांनी हे बी चाळीस वर्षं राखलं. बाकीची पुडी ताईने स्वतःकडेच ठेवली आहे. जुलैत फळं बघणार आणि मग पुडी कोणाला द्यायची ते ठरवणार म्हणे. ठरवायचंय काय त्यात? मुलगा मी आहे.

६ मार्च
चिनी मातीच्या चार शोभेच्या कुंड्या आणल्या. निळी नक्षी, सिंहाचे पाय. बायको म्हणाली, बुडाला भोकच नाही. म्हटलं, भोकं चाळणीला असतात.

२ एप्रिल, सकाळी ७
सात उगवले. आठवा मुळातच आळशी. शेजारी झेंडू लावला, म्हणजे कीड फिरकत नाही. पलीकडच्या गॅलरीतला पंपवाला मात्र फिरकला. रंगाच्या पोचे आलेल्या डब्यांत टोमॅटो लावतो आणि मला सांगतो, साहेब, भोकं पाडा, मुळं कुजतील. जन्मभर पंप दुरुस्त केले, आता मला दुरुस्त करतोय! भोकं पाडायचा विचार माझ्याही मनात होता. आता जीव गेला तरी पाडणार नाही.

२३ एप्रिल
पानं पिवळी. तहान. पाणी दुप्पट केलं.

५ मे
कुंड्यांना वास येतो. बायको म्हणते, गटाराचा. सगळ्यांची नाकं सारखी नसतात. झेंडूनेही माना टाकल्या. सोबतीला लावला होता, सोबत केली.

१८ मे
चार झाडं गेली. मुळं काळी, बुळबुळीत. पंपवाला रात्रीचं काहीतरी ओतत असणार. दुपारी दोन तास पडद्याआडून पाळत ठेवली. हरामखोर स्वतःच्याच झाडांना पाणी घालत होता. फारच सावध माणूस.

११ जून
शेवटचं झाड गेलं. बाबांची फार आठवण आली. रागही आला. त्यांनी मला कधी काही शिकवलंच नाही. बागेत बोलवायचे, मी जायचो नाही, हे खरं. पण आग्रह करायला काय झालं होतं?

२ जुलै
ताई उद्या येणार. रोपवाटिकेतून चार तयार झाडं आणली, बाजारातून एक किलो टोमॅटो. हिरव्या दोऱ्याने बांधले. बायको आत निघून गेली. ही फसवणूक नाही, मांडणी आहे.

३ जुलै
ताईने एक टोमॅटो हातात घेतला. दोरा सोडला, बोटाला नीट गुंडाळला आणि बायकोच्या हातात दिला. भांडायची माझी पूर्ण तयारी होती, ती वाया गेली.

बाबांचे टोमॅटो चपटे असायचे म्हणे, कडेला चुण्या पडलेले, देठाशी काळपट. मी गोल गुळगुळीत आणले. मला आठवतच नव्हतं. याची लाज वाटली, दोऱ्याची नाही.

गॅलरीत चहा पिताना ताईने पंपवाल्याचे लगडलेले डबे पाहिले, मग पलीकडे गेली आणि पुडी त्याला देऊन आली. तो म्हणाला म्हणे, एक रोप साहेबांनाही देईन, डब्यासकट.

त्याला ठणकावून नको म्हणायला गेलो. कधी देणार, एवढं विचारून परत आलो.